बोसनकाकांचे उन्हाळे

बोसनकाकांसमोर कोणी 'उन्हाळा' हा शब्द काढला की ते पहिल्यांदा विचारायचे, "खंयचो?"

समोरचा माणूस गोंधळायचा. उन्हाळा तो उन्हाळा, त्यात कुठला काय? मग काका पायरीवर सरकून त्याला जागा करून द्यायचे, आणि तो माणूस अडकायचा. ब्राझीलच्या एका बंदरात ऐन डिसेंबरात उन्हाळा कसा असतो, नाताळात तिथली माणसं घामाने कशी निथळतात, इथपासून सुरुवात व्हायची. नॉर्वेच्या उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, म्हणून जहाजावरच्या भंडाऱ्याने, म्हणजे स्वयंपाक्याने, एकाच दिवसात दोनदा नाश्ता केला होता म्हणे. आखाताच्या उन्हाळ्यात चपलेचं रबर डेकच्या लोखंडाला चिकटायचं, पाय पुढे यायचा आणि चप्पल मागे राहायची. हे सगळं ते इतक्या मायेने सांगायचे की वाटावं, निरनिराळ्या गावांत दिलेल्या लेकींबद्दलच बोलताहेत. आतून तांदूळ निवडता निवडता काकी म्हणायच्या, "खोटा. नॉर्वेत हेंका ताप इल्लो. आडवे पडान हुते." काका तेवढ्यापुरतं ऐकू न आल्यासारखं करायचे.

त्यांचं खरं नाव मला बरेच दिवस माहीत नव्हतं. जहाजावर खलाशांचा जो मुकादम असतो त्याला बोसन म्हणतात. काका आयुष्यभर मालवाहू जहाजांवर होते, बोसन होऊन घरी आले, आणि तोंडवलीतली सगळी वाडी त्यांना त्याच नावाने ओळखायची. घर समुद्राला लागून. पुढे सुरूची झाडं, मागे माड, मध्ये विहीर. अंगणाच्या एका बाजूला पुतण्याने, दिगूने, पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. त्या खोल्यांच्या स्वयंपाकघरात मी कामाला होते, आणि मागच्या पडवीत आमचा संसार होता. मी, हे आणि चिऊ.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, आर्णीच्या अलीकडचे. मी आठवीत शाळा सोडली, त्यामुळे लिहायला बसले की अजून एकेक ओळ दोनदा खोडते. पण एवढं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चिऊ जन्मली ती चैत्रात, आणि तिचा पहिला उन्हाळा टिनाच्या घरात गेला. ओल्या धडप्याने तिला वारा घालत मी दिवस काढले. दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोर नाजूक आहे, पुढचा उन्हाळा हिला इथे काढू देऊ नका. आमच्यासारख्यांनी उन्हाळ्यात जायचं कुठे? मग यांना कोणीतरी कोकणातल्या चिऱ्याच्या खाणीवरचं काम सांगितलं. महाशिवरात्रीच्या सुमाराला आम्ही तोंडवलीला आलो ते एवढ्यासाठी. बाकी सगळं मिळालं तर मिळालं, चिऊचा उन्हाळा इथे निघाला पाहिजे.

समुद्र मी पहिल्यांदाच पाहत होते. पण सवयी गावाकडच्या. बाहेर पडताना कानाला, तोंडाला ओढणी घट्ट गुंडाळायची, कनवटीला कांदा. काकांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्या अवतारात. ते म्हणाले, "गो, डाको घालूक खंय चल्लंस?" मी म्हटलं, काका, ऊन लागते. त्यांनी वर पाहिलं, माडाच्या सावलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दारं-खिडक्या लावून, वर गोणपाट टांगून, अंधारात पोरीला घेऊन बसले. आमच्याकडे झळ आत येऊ नये म्हणून दिवसभर घर असंच बंद ठेवतात. थोड्या वेळाने दार वाजलं. काका आणि काकी दोघंही उभे. काकींच्या हातात काढ्याचा पेला.

"कोण आजारी आसा?" काकींनी विचारलं.

कोणीच नव्हतं. मी सांगितलं, उन्हाळा आहे म्हणून दारं लावली. काका आत आले आणि एकेक खिडकी उघडत गेले. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो, तो घरात घ्यायचा असतो, हे मला कोण सांगणार? "तो बिचारो येवढ्या लांबसून येता," ते म्हणाले, "आणि तू तेका दारात उभो करून ठेवलंस." तेव्हापासून मी त्यांची 'वऱ्हाडीण' झाले. काढा मात्र काकींनी पाजलाच. केलेला फुकट कशाला जाऊ द्यायचा.

आमच्या यांनी तर त्याच्यावर कडी केली. बायकोपोरीची काळजी म्हणून त्यांनी खाणीवरून जुना पत्रा आणला, कुठून तरी वाळा मिळवला, एक पंखा बसवला आणि गावाकडच्यासारखा कूलर उभा केला. पाणी टाकून चालू केला तेव्हा वाडीतली माणसं बघायला आली. आमच्याकडे कोरड्या हवेत कूलर म्हणजे स्वर्ग. इथे हवाच ओली. दोन दिवसांत चादरी दमट झाल्या, आगपेटी पेटेना, आणि पलीकडच्या खोलीत काकींनी आंब्याच्या रसाची साटं वाळवून रचून ठेवली होती, ती हिरवी पडली. काकी चिडून कोणाला बोलल्या नाहीत. एक साट हातात घेऊन अंगणात आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं समुद्राला सांगितलं, "वऱ्हाडच्या पंख्यान माझ्या साटांक बुरो इलो." कूलरमधला पंखा काढून घेतला आणि उरलेल्या पेटीत कोंबडी बसवली. तिथे तिने पिल्लं काढली. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पेटी दाखवायचे आणि म्हणायचे, हे इंजिनियरिंग यवतमाळचं.

मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता काढून टाकतात की काय, अशी धाकधूक. मला त्या दिवसांत सगळ्याचंच भेव वाटायचं. भांडं आपटलं तरी भेव, मासा जास्त तळला गेला तरी भेव. काकांना ते कळत असावं, कारण त्यांनी मला एकदा विचारलं, तुमच्या गावात उन्हाळा आल्यावर काय म्हणतात? मी म्हटलं, उन्हाळा लागला म्हणतात. ते म्हणाले, लागला? जसा ताप लागतो, नजर लागते, तसा? मग मी त्यांना नवतपा सांगितला, मे महिन्याच्या शेवटचे ते नऊ दिवस, ज्यांत कुत्रीसुद्धा नालीतून बाहेर येत नाहीत. त्यांनी नवतपा दोनतीनदा विचारून घेतला. हा उन्हाळा त्यांच्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी पायरीवर बसलेल्या कोल्हापूरच्या पाहुण्यांना ते नवतप्याचं वर्णन स्वतः भोगल्यासारखं करत होते.

त्यांच्या उन्हाळ्याच्या वेडामागे एक कारण होतं, ते मला काकींनी सांगितलं. नोकरीत असताना कंपनीने त्यांना मे महिन्यात कधी सुट्टी दिलीच नाही. सगळी मुंबईकर माणसं मेमध्ये गावाला यायची, आंबे-फणस-काजू खाऊन जायची, आणि काका यायचे ते मुसळधार पावसात, झाडावर एक फळ नसताना. लग्नही भर पावसात लागलं. कित्येक वर्षं हापूस त्यांनी डब्यातलाच खाल्ला. त्यामुळे निवृत्त झाल्यावर ते मे महिन्यावर तुटून पडले. मेमध्ये ते वाडी सोडून कुठे जात नसत. लग्नाची आमंत्रणं आली तर काकी एकट्या जायच्या. दात दुखला तर जूनची वाट बघायचे. पहाटे पडलेला पहिला आंबा स्वतः उचलायचे, आणि फणस कापायचा झाला की अंगणात चटई टाकून, हाताला तेल लावून, एखादं कार्य असल्यासारखे बसायचे.

आणि त्यांचा एक कायदा होता. त्यांच्या अंगणात मेमध्ये 'काय गरम होता' असं कोणी म्हणायचं नाही. म्हटलं तर विहिरीचं पाणी ओढून माडाच्या रोपांना दोन कळश्या घालायच्या. पाहुण्यांनाही हा कायदा लागू. पुण्याचे एक जाडजूड गृहस्थ गाडीतून उतरल्या उतरल्या "बाप रे, काय उकडतंय" म्हणाले आणि सामान आत जायच्या आधीच कळशी त्यांच्या हातात आली. ते हसत हसत ओढायला लागले. काकी मात्र दिवसातून दहादा म्हणायच्या, पदराने वारा घ्यायच्या, आणि एकही कळशी ओढायच्या नाहीत. काका म्हणायचे, जहाजावरसुद्धा कॅप्टनला शिक्षा नसते.

त्या विहिरीत एक रेघ होती. आत वाकून पाहिलं तर चिऱ्यांवर पांढऱ्या रंगाने काढलेलं एक गोल वर्तुळ, त्याच्या मधोमध आडवी रेघ, आणि बाजूला इंग्रजी एस. काका सांगायचे, प्रत्येक जहाजाच्या पोटावर अशी खूण असते. एस म्हणजे समर. उन्हाळ्यात समुद्र शांत असतो, तेव्हा जहाजाला त्या रेघेपर्यंत बुडेल इतका भार घेता येतो. हिवाळ्याची रेघ तिच्या खाली, कारण तेव्हा दर्या खवळलेला. "समरात जहाज चड भार घेता," ते म्हणायचे, चड म्हणजे जास्त. आमच्या विहिरीत मात्र ती रेघ उलट कामाला लावलेली. पाणी रेघेच्या खाली गेलं की पंप बंद. समुद्राजवळच्या विहिरीतून फार उपसा केला की खारं पाणी आत शिरतं, आणि एकदा शिरलं की मग माड, माणसं, सगळ्यांचे हाल. निम्मी वाडी तीच विहीर प्यायची.

त्या वर्षी पाणी रेघेखाली गेलं ते मेच्या पहिल्या आठवड्यातच. दिगूच्या सगळ्या खोल्या महिनाभर भरलेल्या. दिगू वाईट मुलगा नव्हता, पण त्याच्या तोंडी उन्हाळा हा शब्दच नसायचा, तो 'सीझन' म्हणायचा, आणि त्या सीझनवर त्याचं वर्ष चालायचं. काकांनी पंपाचं बटण बंद करून वर कुलूप घातलं. दिगू धावत आला.

"काकानू, बुकिंगा घेतलेली आसत. पंप बंद करून चलात काय?"

"रेघ दिसली मा? मगे?"

तेवढंच बोलणं झालं. आणि नेमकी त्याच आठवड्यात यांची चिऱ्याची खाण कसल्याशा परवान्यासाठी बंद पडली. हे घरी बसले. मी भाकरी थापत होते आणि डोक्यात एकच चाललेलं. खोल्या बंद झाल्या तर स्वयंपाकाला माणूस कशाला लागेल? इथून निघावं लागलं तर जायचं कुठे? गावालाच. आणि गावाला नवतपा तोंडावर. चिऊ तेव्हा नुकती धरून उभी राहायला शिकली होती, काकींच्या लुगड्याला धरून.

संध्याकाळी दिगू अंगणात काकांशी बोलत होता. मी चुलीजवळ होते, मला सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, काही खोल्या बंद कराव्या लागतील, पाहुण्यांना नाही सांगावं लागेल. काका हूं म्हणाले. मग तो आवाज खाली करून म्हणाला, "मगे हेंका ठेवन करूचा काय? गावाक जावंदेत."

मी पीठ मळायची थांबले.  काकांनी यांना हाक मारली आणि माझ्या भावाचा, संतोषचा, नंबर मागितला. तिथेच पायरीवर बसून फोन लावला. संतोष शेतावरून घरी आलेला होता. काकांनी स्वतःची ओळखबिळख काही सांगितली नाही, थेट विचारलं, "थय उन्हाळो कसो आसा?" पलीकडून संतोष काय म्हणाला ते आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं, कारण काका फोनचा आवाज नेहमी मोठा ठेवूनच ऐकायचे. तो म्हणाला, "काय सांगू बा, माणूस भाजून राह्यला."

काकांनी फोन ठेवला आणि दिगूकडे वळले. "आयकलंस? जहाज नांगराक उभा ऱ्हवला म्हणान खलाशाक कोणी दर्यात ढकलता?" मग त्यांनी चुलीकडे, माझ्याकडे बोट केलं. "थयचो उन्हाळो सरापर्यंत ही खंय जावची नाय. पोर तर नायच नाय."

दिगू म्हणाला, पण काम काय देऊ? काका म्हणाले, काम मी देतो.

आणि दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्या पाहुण्यांना अंगणात जमवलं. ठेवणीतला पांढरा शर्ट घातलेला. कचेरीत बोलतात तशा शुद्ध मराठीत ते म्हणाले, "सर्व पाहुण्यांना कळविण्यात येते की आजपासून पाण्याचे रेशनिंग सुरू होत आहे. माणशी एक बादली. वाटप ह्या बाई करतील. त्यांचा शब्द अखेरचा राहील." ह्या बाई म्हणजे मी. आमच्या गावात टँकरवरचं पाणी वाटताना मी लहानपणापासून पाहिलेलं, एका बादलीत कुटुंब न्हाऊ घालायचं मला कोणी शिकवायला नको होतं. पण शहरातल्या साहेबलोकांना पहिली बादली मोजून दिली ती मान खाली घालूनच. दोन कुटुंबं त्याच दिवशी निघून गेली. बाकीचे राहिले. दिवसभर समुद्रात डुंबायचं, मग माझ्याकडून एक बादली घेऊन खारटपणा धुवायचा. पोरांना तर ती जहाजावरची शिस्त फारच आवडली. एका बाईंनी दुसरी बादली हळूच मागितली तेव्हा त्यांच्याच मुलाने काकांकडे चुगली केली. काका स्वतः महिनाभर समुद्रातच आंघोळ करत होते, आणि काकींनी त्यांची चटई ओसरीवर टाकली होती, सुकट घरात घेणार नाही म्हणून.

शेवटच्या आठवड्यात पाणी थोडं मचूळ झालंच. चहाचा पहिला घोट घेतला की कळायचं. काका तोंड वेडंवाकडं न करता पूर्ण कप पिऊन टाकायचे आणि म्हणायचे, झकास. काकींनी मला गुपचूप सांगितलं, डाळीत मीठ घालू नकोस. आणि आणखीही एक गोष्ट सांगितली, हसून हसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ती रेघ तिथेच का? काकांनी कसलाही हिशेब केलेला नव्हता. कमरेला दोर बांधून ते रंग लावायला उतरले होते, दोर तिथे संपला, म्हणून रेघ तिथे. मी हे कोणाला बोलले नाही. वाडी त्या रेघेवर विसंबून होती, आणि विहीर त्या वर्षी निभावली, एवढं खरं.

जून आला, कोकणात पाऊस लागला, खोल्या रिकाम्या झाल्या. यांना वापीला एका कारखान्यात काम मिळायची बोलणी झाली होती, त्याआधी माझ्या आईला चिऊ पुन्हा दाखवायला गावी जायचं ठरलं. आम्ही काकांना सांगितलं. ते म्हणाले, थांबा. त्यांनी संतोषला फोन लावला. तिकडे अजून पाऊस नव्हता. काकांनी आम्हाला सोडलं नाही. मग रोजचंच झालं. सकाळी चहा झाला की संतोषला फोन. काका मालवणीत, तो वऱ्हाडीत, एकमेकांचं निम्मं कळत नव्हतं, पण बोलणं रंगायचं. संतोष एकदा मला म्हणाला, "ताई, हे बुवा मले रोज इचारते पानी आला का. मी काय पानी पाडतो का?" पण एके दिवशी फोन आला नाही तर त्यानेच उलटा लावला, काकांची तब्येत बरी आहे ना म्हणून.

शेवटी एका सकाळी तो म्हणाला, तीन दिवसांची झड लागली, कपाशीचं बी टोबून झालं. काकांनी फोन खाली ठेवला आणि मला हाक मारली. "वऱ्हाडणी, तुमचो उन्हाळो सरलो. आता जावा."

त्या पुढच्या वर्षी काका गेले. झोपेतच. दिगूने फोन केला तेव्हा म्हणाला, मे महिना पुरा करून गेले, शेवटचा फणस स्वतः कापला. मी वापीला होते, जाता आलं नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे ते आहेत ते कुडाळ स्टेशनवरचे.

दिगूच्या गाडीतून ते आम्हाला सोडायला आले होते. काकींनी साटं, कोकमं, कुळथाचं पीठ, काय काय बांधून दिलेलं. गाडी आली तशी काका आधी डब्यात चढले, आणि त्या शुद्ध मराठीत लोकांना बजावलं, मूल लहान आहे, बाईंना खिडकी द्यावी. दिली लोकांनी. मग खाली उतरले. मी मनात ठरवलं होतं, निघताना त्यांच्या पाया पडायचं, दोन शब्द बोलायचे, इतक्या दिवसांचं सगळं एकदा तरी सांगायचं. त्या गडबडीत काहीच झालं नाही. गाडी हलली. मी चिऊचा हात धरून खिडकीतून हलवायला लागले.

काकांचं लक्षच नव्हतं. ते आमच्याकडे पाठ करून उभे होते. फोन एका कानाला, दुसऱ्या कानात बोट, आणि गाडीच्या आवाजावर मात करून अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असे ओरडत होते, "सुटली रे संतोषा, हयसून सुटली. आता फुडला तू बग."